बिननारळाचा पूल

आमच्या घाटावर सरकारी जीप आली की बाबा सगळ्यात आधी दुकानातलं साखरेचं पोतं उचलून आत नेऊन ठेवायचे. का, ते त्यांनाही धड सांगता आलं नसतं. आजोबांच्या वेळी कुणी साहेब साठा तपासायला आला होता म्हणे, तेव्हापासूनची ही रीत. मग जीप हिवतापवाल्यांची असो, जनगणनेची असो की गुरांना लस टोचणाऱ्यांची, पोतं आत जायचं. त्यानंतर बाबा गादीवर येऊन साळसूद चेहऱ्यानं बसायचे, "या जी साहेब" म्हणायचे, चहा सांगायचे. साहेब धूळ उडवत गेला की आमच्याकडे वळून विचारायचे, "काऊन आला असन हा?"

मी या प्रश्नावर वाढले. आमच्या घरात कुणी काही दिलं तर ते का दिलं हे आधी पाहायचं आणि मग घ्यायचं. लग्नाची पत्रिका आली तरी बाबा ती उलटसुलट करून बघायचे. आजही कुणी माझ्याशी उगाच गोड बोललं की माझा हात आपोआप पर्सवर जातो. नवरा हसतो. त्याला काय कळतं! तो अमरावतीच्या मास्तरांच्या घरातला. त्यांच्याकडे माणसं सरळ विश्वास ठेवतात, फसतात आणि पुन्हा विश्वास ठेवतात.

आमचं गाव वर्धा नदीच्या काठाला. नदी हीच जिल्ह्याची शीव. अलीकडे आम्ही, पलीकडे यवतमाळ. पूल नव्हता. वर्ध्याहून येणारी एसटी घाटाच्या माथ्यावर, आमच्या दुकानासमोर वळायची आणि पलीकडच्या काठावर तिकडची एसटी येऊन उभी राहायची. मध्ये नदी आणि नदीत डोंगा. दोन डोंगे एकमेकांना बांधून वर फळ्या ठोकल्या की त्यावर बैलबंडी चढायची, स्कूटर चढायची, एकदा तर अख्खी वरात बँडसकट चढलेली मी पाहिली आहे. बाजाराच्या दिवशी घाटावर पाय ठेवायला जागा नसायची. लोक डोंग्याची वाट बघत बसायचे, आणि वाट बघणारा माणूस काही ना काही विकत घेतो. चहा, बिडी, फुटाणे, पोरांना गोळ्या, बंडीला दोर, कंदिलाची काच. आमचं दुकान त्या वाट बघण्यावर चालायचं. हे कुणी तोंडानं बोलत नसे, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

डोंगा चालवणाऱ्या नावाड्याचा एक कडक नेम होता. डोंग्यात बसलेली माणसं मोजायची नाहीत. मोजलं की नदीला हिशेब कळतो, असं तो म्हणायचा. डोंगा भरला की नाही हे तो पाण्यावरून ओळखायचा. पाणी वरच्या फळीच्या जोडाला टेकलं की बास, मग आमदार आला तरी त्याला काठावर ठेवायचा. कुणी शहरी पाहुणा "किती जण झालो आपण?" म्हणत बोट फिरवायला लागला की नावाडी त्याचं बोट धरून खाली करायचा. गावची घरं त्याला दर खेपेचं भाडंही देत नसत. सुगी झाली की घरटी ज्वारी जायची, तूर जायची, वर्षभराचं भागलं. त्यामुळे आमच्या घाटावरून रोज किती लोक नदी ओलांडतात हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यावं असं कुणाला वाटतही नव्हतं.

पलीकडच्या काठावर, अगदी आमच्या दुकानासमोर, माझ्या मामाची भाजीची वाडी होती. मामा आईच्या पाठचा. वांगी, मेथी, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, आणि हिवाळ्यात फुलकोबी. फुलकोबीवर त्याचा जीव. गड्डा कापताना सुद्धा तो त्याच्याशी काहीतरी पुटपुटायचा. माल डोंग्यानं अलीकडे यायचा, आमच्या दुकानासमोर टेम्पोत चढायचा आणि हिंगणघाटच्या बाजारात जायचा. तिथं भाजीची हर्रास, म्हणजे लिलाव, तांबडं फुटलं की सुरू होते. डोंगा मात्र उजाडल्याशिवाय सुटत नसे, धुकं असलं तर त्याहूनही उशिरा. मामा पोचेपर्यंत चांगली गिऱ्हाइकं निघून गेलेली असत आणि उरलेले व्यापारी गड्डा हातात धरून असं तोंड करत की जणू मामानं तो कचऱ्यातून उचलून आणला आहे. नदीला पाणी चढलं की डोंगाच बंद. मग भाजी बांधावर पडायची, बैलसुद्धा ती खाऊन कंटाळायचे.

पूल झाला तर मामाची वाडी टिकणार होती. नाही झाला तर ती सोडून कुठंतरी चाकरी करायची, दुसरं काही त्याच्या नशिबात नव्हतं. हे तो येता-जाता बोलून दाखवायचा. कोबीचे कट्टे, म्हणजे पोती, उतरवून आमच्या ओसरीवर बसला की आईला म्हणायचा, "बाई, पूल होऊ दे, मंग पाह्यजो माही वाडी." आई भाकरी वाढता वाढता हो म्हणायची. तिला आमच्या अंगणातून माहेरच्या चुलीचा धूर दिसायचा, पण पावसाळाभर तिकडे जाता यायचं नाही. तिला तो पूल मामापेक्षा कमी हवा होता असं मला कधीच वाटलं नाही.

आणि पूल तर दर निवडणुकीला व्हायचाच. घाटावर मांडव पडायचा, लाउडस्पीकर लागायचा, पांढऱ्या कपड्यातले लोक चिखल चुकवत पाण्यापर्यंत जायचे आणि नारळ फोडायचे. नेता बदलायचा, झेंडा बदलायचा, नारळ मात्र आमच्याच दुकानातला. बाबा तो निवडून द्यायचे. कानाशी धरून हलवायचे, आतलं पाणी ऐकायचे. "पुलाचा नारळ हाय, नासका निंघाले नको," म्हणायचे, आणि गर्दी पांगली की आमच्याकडे बघून डोळा मिचकावायचे. कार्यक्रम संपल्यावर अर्धी वाटी आमच्या घरी यायची. आई तिची चटणी करायची. पूल काही आला नाही, पण चटणी झकास व्हायची.

मधल्या काळात सरकारनं काहीच केलं नाही असं म्हणणं खोटं होईल. घाटापर्यंत डांबरी रस्ता केला, तो दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत टिकला. नदीत उतरायला पायऱ्या बांधल्या, पण डोंगा लागायचा तिथं नाही, तिथून चांगल्या लांब, जिथं फक्त बेडूक उतरत असत. प्रवासी निवारा बांधला. त्याचं तोंड नदीकडे नव्हतं, एसटीकडेही नव्हतं, एका पडीक वावराकडे होतं. ते वावर कुणाच्या मेहुण्याचं आहे आणि तिथं पुढं काय उभं राहणार आहे, हे बाबांनी आठवड्याच्या आत शोधून काढलं आणि सगळ्या घाटाला ऐकवलं. वर्षभरात तिथं खरंच एक ढाबा उभा राहिला. बाबांचा संशय असा अधूनमधून तंतोतंत खरा ठरायचा. माझ्या मते त्यांचा घात झाला तो यानंच. संशय दहादा खोटा निघाला असता तर माणूस सुधारला असता.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी वर्ध्याला कॉलेजात होते, मुलींच्या वसतिगृहात राहायचे आणि रविवारी घरी यायचे. एका रविवारी आले तर दुकानासमोरच्या कडुलिंबाखाली दोन तरुण खुर्च्या टाकून बसलेले. नागपूरकडचे असावेत, हिंदी मिसळून बोलत होते. मांडीवर पॅड, हातात पेन, आणि डोंगा काठाला लागला की पटापट रेघा ओढायचे. माणसं, सायकली, बंड्या, सगळ्याच्या रेघा. ते एसटीनं आले होते. जीप नव्हती, त्यामुळे साखरेचं पोतं जागेवरच होतं. पण गावाचा जीव खालीवर होत होता.

"कायले मोजून राह्यले हे?" ज्याच्या त्याच्या तोंडी एवढंच.

नावाड्याला त्यांनी एका खेपेला सरासरी किती माणसं बसतात असं विचारलं. नावाड्यानं त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू त्यांनी त्याच्या घरातल्या मयताची चौकशी केली आहे. बांबू उचलून तो पाण्यात उतरला. मला स्वतःला ती पोरं संशयास्पद वाटली, कारण ती चहाचे पैसे रोखीनं देत होती. सरकारी माणूस आणि चहाचे पैसे देतो म्हणजे काहीतरी पाणी मुरतंय, एवढं मलाही कळत होतं.

त्या दुपारी मामा बाजारातून परत येऊन आमच्याकडे जेवायला बसला होता. बाबाही शेजारी ताटावर होते. मामानं सरळ विचारलं, "भाऊजी, तुमच्या दुकानासमोर बसले हायेत ते. कशाची मोजणी हाय ही?"

"टॅक्स," बाबा म्हणाले. "दुसरं काय? भाजीच्या कट्ट्यावर बसवन, नाईतं डोंग्याले तिकीट लावन. जेवढे कट्टे मोजले तेवढ्यावर बसन."

आई चुलीपाशी होती. तिनं मागं न वळता विचारलं, "पुलासाठी तं नसन?"

बाबा हसले. "पुलासाठी आले असते तं नारळ घेतला असता. आजवर बिननारळाचा पूल आलेला पाह्यला का तू?"

मामा हसला, ठसका लागेपर्यंत हसला. मीही हसले. बोलणं बिनतोड होतं. इतक्या वर्षांत घाटावर पूल म्हणून जे जे आलं ते सगळं मांडव घालून, हार घालून, नारळ फोडून आलं होतं. ही दोन पोरं तर गुपचूप झाडाखाली बसून रेघा ओढत होती. पुलाचं काम असं असतं होय?

मामाचं डोकं अशा कामात तल्लख. दुसऱ्या दिवसापासून त्याचा माल दुकानासमोर उतरलाच नाही. घाटाच्या वरच्या अंगाला नदी वळण घेते, तिथं बाभळीचं दाट बन आहे, दुकानापासून काही दिसत नाही. नावाड्यानं डोंगा तिथं लावला. त्याला तर हवंच होतं. त्याच्या डोंग्यातल्या माणसांच्या रेघा कुणी ओढतंय हे त्याला सहनच होत नव्हतं. मामानं पलीकडच्या सगळ्या भाजीवाल्यांना निरोप धाडला. मग दूधवाले वळले. बंडीवाले त्याहून वरच्या उथळ पाण्यातून बंड्या घालायला लागले. टेम्पो बाभळीच्या बनामागच्या पांदणीत उभे राहू लागले. कडुलिंबाखालच्या पोरांपुढून जायची ती फक्त एसटीची चार पाहुणेमंडळी, एखादा मेंढरांचा कळप आणि एकदा भजनी मंडळ, तेही टाळ वाजवत, कारण त्यांना कुणी सांगायला विसरलं होतं.

त्या दिवसांत गावात सणासारखा आनंद होता. सरकारला फसवल्याचा आनंद वेगळाच असतो, तो उपाशीपोटी सुद्धा होतो. भाजीवाल्या बाया पदर तोंडाला लावून हसत पांदणीतून जायच्या. मामा तर गावाचा पुढारी झाला. "कट्टाभर बी दिसू देला नाई," असं तो आईला अभिमानानं सांगत होता आणि आई त्याला शाबासकी म्हणून तुपाचा हात जरा सैल सोडत होती. मोजणी संपल्यावर पोरं खुर्च्या परत करून निघून गेली. जाताना त्यांनी बाबांना नमस्कार केला. बाबांनीही केला.

मग काही झालं नाही. टॅक्स बसला नाही, तिकीट लागलं नाही. बाबा म्हणाले, पाहा, मोजायला काही सापडलंच नाही म्हणून बसला नाही. सगळ्यांना पटलं.

दोनेक पावसाळे गेले. एक दिवस गिट्टीचे ट्रक आमच्या रस्त्यानं आले आणि गावाच्या अलीकडच्या फाट्यावरून वळून खालच्या घाटाकडे गेले. खालचा घाट म्हणजे आमच्याहून पुष्कळ लहान. तिथं एकच डोंगा, तोही गळका. आधी वाटलं वाट चुकले असतील. मग लोखंड गेलं, मग सिमेंट, मग मोठमोठी यंत्रं. ना मांडव, ना भाषण. नदीच्या पात्रात खांब वर यायला लागले तेव्हा आमच्या गावातले लोक सायकलीवर बसून बघायला जाऊ लागले आणि परत येऊन सरळ घरात शिरू लागले. कुणीतरी तालुक्याहून खबर आणली की पूल कुठं करायचा हे रहदारीच्या मोजणीवरून ठरलं. दोन्ही घाटांवर मोजणी झाली होती. खालच्या घाटावर रहदारी भरपूर, आमच्या घाटावर नगण्य.

खालच्या लोकांनी म्हणे मोजणीच्या दिवसांत त्याच त्या बंड्या दिवसभर इकडून तिकडे आणि तिकडून इकडे फिरवल्या. पाहुण्यारावळ्यांना बोलावून डोंग्यात बसवलं. खरं-खोटं देव जाणे. आमच्या गावात हे प्रत्येक जण सांगतो, म्हणूनच मला त्यातही संशय येतो. आपण लपवलं यापेक्षा त्यांनी वाढवलं हे सांगणं सोपं पडतं.

पुलापाठोपाठ तिकडे रुंद रस्ता झाला. वर्ध्याची एसटी त्या रस्त्यानं पलीकडे थेट जाऊ लागली, आणि एका सकाळी आमच्या घाटावर ती आलीच नाही. बाबा दुपारपर्यंत स्टोव्हला पंप मारत बसले होते. पूल इथं झाला तर लोक थांबणार नाहीत, दुकान बसेल, ही भीती त्यांच्या मनात कधीतरी असलीच पाहिजे. पण आता तर यायचेच बंद झाले. पुलावर निदान पंक्चरचं दुकान तरी चाललं असतं.

मामाचं काय झालं ते सांगायला मला अजूनही जड जातं. नवा पूल त्याच्या वाडीपासून लांब, आणि मधला रस्ता काळ्या मातीचा. पावसात बंडी आसापर्यंत रुतायची, टेम्पोवाले तिकडे वळायलाच तयार नसत. खालच्या घाटाजवळच्या लोकांनी फुलकोबी लावायला सुरुवात केली, आणि त्यांचा माल हर्राशीच्या आधी बाजारात पोचू लागला. मामानं दोन-तीन हंगाम दम काढला. मग वाडी मक्त्यानं दिली, बिऱ्हाड हलवलं आणि वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेला एक खोली घेतली. सावंगीकडच्या एका वसतिगृहावर चौकीदाराची नोकरी मिळाली. निळा शर्ट, गळ्यात शिट्टी. मी तोवर लग्न होऊन वर्ध्यात आले होते. पहिल्यांदा त्याला त्या वेशात फाटकावर उभा पाहिला तेव्हा मी रिक्षा थांबवली नाही, सरळ पुढे गेले. मला रडू आलं असतं.

आई तेव्हा नशीब म्हणाली, सरकारला चार शिव्या दिल्या आणि कामाला लागली. पण एक दिवस नावाडी दुकानात तंबाखू घ्यायला आला. डोंगा त्यानं कधीच उपडा करून ठेवला होता. आता तो रेती काढायच्या कामावर जायचा. बाबा नव्हते, आई बसली होती. बोलता बोलता तो म्हणाला, "आता काय बोलाचं, काकू. त्या पोरायनं तं शेठले सांगितलं होतं ना, पुलासाठी मोजून राह्यलो म्हणून. म्या अथीच उभा होतो. शेठ हसले."

आईनं त्याला तंबाखूची पुडी दिली. त्याला काही विशेष सांगितल्यासारखं वाटलं नव्हतं.

हे तिनं मला फार पुढं सांगितलं, तुरीची डाळ निवडता निवडता. म्हणजे आपण चुलीपाशी "पुलासाठी तं नसन" म्हणून विचारलं, तेव्हा बाबांना माहीत होतं, एवढं एकच वाक्य ती पुन्हा पुन्हा बोलत होती. मग माझ्या ध्यानात आलं की गेली काही वर्षं घरात काय बदललं आहे. बाबा जगाकडे जसं बघायचे, तशी ती आता त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी मिठाची पुडी मागितली तरी "कायले?" विचारायची. ते तिकडे खोकले तरी हिची मान वळायची. आणि मी तिला समजावायला हवं होतं, तर माझंच डोकं भणभणायला लागलं. मीही मनात तेच उकरायला लागले. बाबा हसले होते ते नारळाच्या गमतीनं, की त्यांना हवं ते आपोआप घडत होतं म्हणून?

त्या दिवाळीला मी माहेरी होते. दुपारची जेवणं झाली होती. बाबा ओसरीवर सुपारी कातरत होते. आईनं उष्टं काढलं, हात पुसले आणि त्यांच्यासमोर येऊन बसली.

"त्या मोजणाऱ्या पोरायनं तुम्हाले सांगितलं होतं?"

"कोन्या पोरायनं?"

"तुम्हाले समजते कोन्या."

अडकित्ता थांबला. मला वाटलं आता आवाज चढणार, आता ते नावाड्याच्या सात पिढ्या काढणार. तसं काही झालं नाही.

"सांगितलं होतं," ते म्हणाले. "मले खरं वाटलं नाई."

"खरं वाटलं नाई, का वाटू द्याचं नव्हतं?"

बाबांनी सुपारी खाली ठेवली. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. दुसऱ्याच्या डोक्यात काय चाललंय हे सांगायला ज्यांना एक क्षण लागत नसे, ते स्वतःच्या डोक्यात काही शोधत होते आणि सापडत नव्हतं. "लई दिवसापासून मीबी हेच इचारून राह्यलो," ते म्हणाले. "त्या येळी मनात दुकान होतं का नाई, आठवत नाई मले. असन. दुकान सोडून दुसरं काय होतं माह्या मनात?"

आईनं खाली ठेवलेली सुपारी गोळा केली. मग म्हणाली, "मंग हे बापूले सांगा." बापू म्हणजे मामा.

दिवाळी सरल्यावरच्या रविवारी ते दोघं वर्ध्याला आले आणि आम्ही तिघं सिंदी मेघेला गेलो. मामाची खोली एका ओळीतल्या घरांत शेवटची होती. मोरीच्या कडेला हातभर जागेत त्यानं मेथी लावली होती. त्यानं आम्हाला खाटेवर बसवलं, मामीनं चहा टाकला. बाबांनी चहाची वाट बघितली नाही. मान खाली घालून त्यांनी सगळं सांगितलं. पोरांनी काय सांगितलं होतं, आपण कसे हसलो, त्याला टॅक्सचं काय सांगितलं. काहीही सोडलं नाही, काही गोड केलं नाही. "तुही वाडी माह्यामुळं गेली, बापू," एवढं बोलून ते थांबले. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

मामा ऐकत होता. चहा आला तो त्यानं बाबांच्या हातात दिला. मग त्यानं डोळे बारीक केले आणि अगदी शांतपणे विचारलं, "भाऊजी, हे आता काऊन सांगून राह्यले?"

"मनाले लागलं म्हणून."

"वाडीचं काई हाय का? तिकडं भाव चढले म्हणतेत. कोणी गिऱ्हाईक आणलं असन तं सरळ बोला."

"नाई रे बापू. मले काई नाई पाहिजे."

"खरंच सांगून राह्यले ते," आई मध्येच म्हणाली.

मामानं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता, उलट कीव होती. "म्हणून तुले संगं आणलं का, बाई?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी काही म्हणेन या आशेनं. आणि मी त्यांच्याच पोटची पोर, त्या क्षणी माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगते: यांना वाडी तर नको आहे ना? मी मान खाली घातली. त्यांना ते दिसलं. त्यांनी न प्यालेला चहा जमिनीवर ठेवला आणि खाटेच्या कडेला हात टेकून उठायला लागले.

आईनं त्यांच्या दंडाला धरून त्यांना उभं केलं. खाटेवर राहिलेली त्यांची टोपी उचलली, झटकली आणि त्यांच्या हातात दिली.

"चला जी," ती म्हणाली. "मले खरं वाटलं."